पटावर वीस, पाठीशी पाडा

2023 च्या ऑक्टोबरात नाशिकच्या जिल्हा परिषदेवर मुलांचा एक मोर्चा आला. मुलं इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची, भाम धरणामुळे घरंदारं सोडावी लागलेल्या कुटुंबांतली. पट कमी म्हणून त्यांच्या वस्तीवरची शाळा बंद करून त्यांना दूरच्या शाळेत जायला सांगितलं होतं. मुलांच्या पाठीवर दप्तरं होती आणि सोबत बकऱ्या. त्यांची मागणी अशी, की ही दप्तरं तुम्ही ठेवून घ्या आणि आम्हाला बकऱ्या द्या, त्या तरी वळू. ही बातमी राज्यभर गाजली. आठ-दहा वर्षांच्या मुलांनी आपल्या शाळेसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन उभं राहावं, आणि त्यांच्या मागे त्यांचे आईबापही असावेत, हे दृश्य विसरता येण्यासारखं नव्हतं.

त्याच्या थोडंच आधी, सप्टेंबर महिन्यात, शिक्षण खात्याने समूह शाळांचा विचार पुढे आणला होता. राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या 14,783 शाळा आहेत, त्यांत 1,85,467 मुलं शिकतात आणि 29,707 शिक्षक शिकवतात, असे आकडे त्या वेळी देण्यात आले. या शाळा एकत्र करून मोठी शाळा उभारावी, तिथे प्रयोगशाळा, ग्रंथालय, खेळाचं मैदान द्यावं, मुलांना गाडीने आणावं, अशी ती कल्पना. नंदुरबारमधल्या तोरणमाळचं आणि पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचं उदाहरण दिलं गेलं. कागदावर ही कल्पना वाईट दिसत नाही. पण पावसाळ्यात ओढा भरला की ज्या पाड्याचा जगाशी संबंध तुटतो, तिथे पहिलीतल्या पोरीला न्यायला गाडी कुठून आणि कशी येणार, हे त्या पाड्यावरच्या आईलाच विचारावं लागेल.

नाशिक म्हटलं की गोदावरी, कुंभमेळा, द्राक्षं आणि कांदा एवढं डोळ्यांपुढे येतं. त्या नाशिकच्या पश्चिमेला आणि उत्तरेला सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण, दिंडोरी, बागलाण हे आदिवासी वस्तीचे तालुके आहेत. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासी एक चतुर्थांशापेक्षा थोडे अधिक भरले. सुरगाणा आणि पेठ या दोन तालुक्यांत तर हे प्रमाण नऊ-दशांशांच्याही पुढे जातं. डोंगराच्या कुशीत पाच-पंचवीस घरांचे पाडे असतात आणि त्यातल्या अनेक पाड्यांवर जिल्हा परिषदेची पहिली ते चौथी किंवा पाचवीपर्यंतची शाळा असते. दोन खोल्या, व्हरांडा, एक ध्वजस्तंभ आणि स्वयंपाकाची शेड. पाच वर्ग दोन खोल्यांत बसतात आणि दोन शिक्षक ते सांभाळतात.

या शाळा इतक्या लहान का, याचं उत्तर भूगोलात आहे आणि कायद्यातही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर ठरलेल्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असली पाहिजे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हे प्रमाणही कायद्यातच आहे. पाडे विखुरलेले, त्यामुळे पट लहान. म्हणजे शाळा लहान असणं हा तिचा दोष नाही, मुलाच्या पायाला झेपेल एवढ्या अंतरावर ती आली, म्हणून ती लहान आहे. खर्चाला मात्र सरकारचा हात आखडतो. समग्र शिक्षा योजनेत तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान 10 हजार रुपये ठरलं. त्यात खडू-फळ्यापासून स्वच्छतेपर्यंत आणि डागडुजीपर्यंत सगळं भागवायचं. एका पावसाळ्यात चार पत्रे उडाले तर त्या पैशात ते बसवून होत नाहीत. इथेच पाड्याचा हात लागतो. कोणी बांबू आणतं, कोणी कौलं चाळून देतं, कोणी दिवसाचा रोज बुडवून भिंत सारवतं. सरकारी भाषेत याला लोकसहभाग म्हणतात.

पण हात लागतो तो छपरापुरताच नाही, वर्गातल्या भाषेलाही लागतो.

शहरातल्या वाचकाला आदिवासी शाळा म्हणजे एकाच तऱ्हेची मुलं असं वाटतं. प्रत्यक्षात वीसच्या पटातही दोन-तीन समाज आणि तेवढ्याच बोली नांदू शकतात. कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर, कातकरी, भिल्ल हे सारे नाशिकच्या डोंगरांत राहतात. कोकणांची बोली कुकणा किंवा डांगी या नावांनीही ओळखली जाते आणि तिची एक बाजू गुजरातच्या डांगाशी जोडलेली आहे. वारल्यांची बोली वेगळी, भिल्लांची आणखी वेगळी. त्यातून शिक्षक बागलाण किंवा मालेगावकडचा असेल तर त्याच्या घरात अहिराणी. अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात, 'माझा'ला 'मन्हा' आणि 'कुठे'ला 'कथा'. पुस्तकातली 'कथा' म्हणजे गोष्ट, आणि घरातली 'कथा' म्हणजे कुठे! ज्याने लहानपणी हा गोंधळ स्वतः सोसला आहे, तो शिक्षक कोकणा मुलाच्या गप्प बसण्याचा अर्थ लवकर ओळखतो. मूल मठ्ठ नसतं. त्याला उत्तर येत असतं, फक्त ते दुसऱ्या भाषेत येत असतं.

मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असं राज्यघटनेच्या 350-अ या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याकांसाठी म्हटलं आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा असावी असं सांगितलं. पण घरची भाषा शाळेत आणायची कोणी? बहुतेक शिक्षकांना ती येत नाही आणि क्रमिक पुस्तक प्रमाण मराठीत आहे. ती भाषा पाड्यावरच्या आजीला येते. म्हणून ज्या शाळांनी आजीला वर्गात बसवलं, तिच्याकडून गोष्ट ऐकली, मुलांनी ती मराठीत सांगितली आणि शिक्षकांनी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले, तिथे पहिलीतल्या मुलाचं तोंड उघडलं. यात खर्च काही नाही. आजीला मान द्यावा लागतो, एवढंच.

आणि त्या आजीकडे काय नाही? नागलीची आणि वरईची वाणं, कोणत्या कंदाला किती उकळायचं, राब कधी भाजायचा, वाघबारशीला काय करायचं, डोंगऱ्या देवाच्या उत्सवातले नियम. त्र्यंबक, पेठ, इगतपुरीच्या पट्ट्यात बोहाडा होतो. रात्रभर संबळाच्या तालावर गणपती, नरसिंह, त्राटिका, रावण अशी सोंगं मुखवटे चढवून येतात. बऱ्याच गावांत कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं हे परंपरेने ठरलेलं असतं. पाड्यावरच्या मुलाला रामायणातली पात्रं पुस्तक हाती येण्याआधी अशी भेटलेली असतात, घामाने थबथबलेल्या काकाच्या डोक्यावरच्या जड मुखवट्यात. शाळेने या ओळखीवरून पुढे जायचं ठरवलं तर भाषा, इतिहास, चित्रकला सगळं तिथून सुरू होऊ शकतं. दुर्दैवाने अजूनही कित्येक ठिकाणी बोहाड्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत फक्त गैरहजेरी मांडली जाते.

मुलाच्या ओळखीच्या जगातून शाळा सुरू करण्याचं हे शहाणपण महाराष्ट्राला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज सगळा देश वापरतो, त्याची मुळं तिथे आहेत. 1957 पासून डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत हे काम पुढे गेलं. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा पानं, बिया, खडे, शिंपले हीच साधनं झाली. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा गुरं चरतात त्या माळावर शाळा भरली, तिला कुरणशाळा म्हणत. दरेवाडीच्या मुलांनी बकऱ्या नाशिकला आणल्या, तेव्हा ज्यांना कोसबाड ठाऊक होतं त्यांना ती कुरणशाळा नक्की आठवली असेल. तिथे बकऱ्यांजवळ शाळा गेली होती. इथे शाळा मागायला बकऱ्यांना यावं लागलं.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीची शाळा गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोहोचली. हा असाच एक लहान पाडा. शिक्षक केशव गावित यांनी तिथे शाळा वर्षाचे 365 दिवस आणि दिवसाचे बारा तास चालवायला घेतली. मुलं दोन्ही हातांनी एकाच वेळी लिहितात, मोठमोठ्या संख्यांचे पाढे म्हणतात, राज्यघटनेतली कलमं सांगतात. दोन्ही हातांत खडू घेतलेल्या मुलीचं चित्र लोकांना फार भावलं आणि ते पाहायला गाड्या भरून पाहुणे जाऊ लागले. सामाजिक संस्थांनीही शाळेला मदत दिली.

ते दोन हातांचं लिहिणं पाहून थक्क व्हायला होतं, यात शंका नाही. परंतु हिवाळीतली खरी विलक्षण गोष्ट त्याच्या मागे आहे. आईबाप सकाळी मजुरीला जातात आणि संध्याकाळी येतात. त्या वेळात मूल कुठे असतं? शहरात त्याला पाळणाघर, शिकवणी, आजी-आजोबा, सोसायटीचं अंगण असतं. पाड्यावर ते रानात असतं किंवा आईच्या मागे बांधावर. बारा तास उघडी असलेली शाळा हे आईबापांच्या रोजच्या कष्टाला दिलेलं उत्तर आहे. आणि पाड्याने ते मान्य केलं म्हणूनच ते टिकलं. दिवाळीच्या दिवशीसुद्धा मूल शाळेत पाठवायचं तर आधी घराला पटावं लागतं. एकट्या शिक्षकाच्या हट्टाने ते होत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात. एका माणसाच्या जिवावर उभी राहिलेली शाळा त्याच्या बदलीनंतर वर्षभरात पूर्वीसारखी होताना अनेक गावांनी पाहिली आहे. प्रत्येक शिक्षकाने बारा तास, बारा महिने राबावं अशी अपेक्षा व्यवस्थेने धरणं हा अन्यायच आहे, त्यालाही घर आहे. म्हणून शिक्षकाच्या गुणगौरवाइतकंच गावाने शाळा कितपत आपली मानली, हे पाहायचं. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा बंद पडण्याच्या बेतात होती. ती गावाच्या साथीने उभी राहिली आणि 2025 मध्ये जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत समाजसहभागाच्या गटात पहिल्या दहांत पोहोचली. तिचं नाव त्या गटात यावं, हे महत्त्वाचं आहे.

गावाने शाळा आपली मानण्यासाठी कायद्याने एक जागा करून ठेवली आहे, पण तिची माहिती फार थोड्यांना असते. प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्या सदस्यांपैकी तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा, मुख्याध्यापक सचिव असतो. शाळेला काय हवं याचा विकास आराखडा या समितीने करायचा, अनुदान कुठे खर्च झालं ते पाहायचं, शिक्षक वेळेवर येतात का आणि पोषण आहार नीट शिजतो का यावर लक्ष ठेवायचं. आदिवासी भागात याला जोड आहे ती 1996 च्या पेसा कायद्याची, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या कायद्याची. या भागातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के वाटा थेट मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. शाळेची पाण्याची टाकी किंवा अंगणवाडीची फरशी त्या पैशातून होऊ शकते. म्हणजे ज्या बाईला सही करायला कालपर्यंत अंगठा लागत होता, ती कायद्याने शाळेची कारभारी आहे. अनेक ठिकाणी ही समिती कागदावरच राहते आणि रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या होतात. जिथे ती खरोखर बसते, तिथे बाया पहिला प्रश्न विचारतात तो बहुधा पोरींच्या मुतारीचा आणि पाण्याचा. एवढ्या जवळून शाळा पाहणारा तपासनीस कोणत्याही कार्यालयात सापडायचा नाही.

समाजाने शाळा चालवणं नाशिकला परकं नाही. 1914 मध्ये इथे मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली, आणि त्याची सुरुवात उदोजी मराठा बोर्डिंगपासूनची. खेड्यातून आलेल्या पोरांच्या राहण्या-जेवणाची सोय झाली नाही तर शाळा उघडून उपयोग नाही, हे त्या पिढीला कळलेलं होतं. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत आणि त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या मुष्टिफंडासाठी घरोघरच्या बाया दळणाआधी मूठभर धान्य बाजूला ठेवत. ती मूठ आणि आज पाड्यावर शाळेला दिलेला एका दिवसाचा रोज, यांची किंमत एकाच मापाने करायला हवी. पण एक फरक आहे. त्या काळात समाज म्हणजे बहुतेकदा आपापली जात, आणि बोर्डिंगंही बरीचशी तशीच निघत. पाड्यावरच्या शाळेत तशी सोय नाही. कोकणा, वारली, कोळी घरांना मिळूनच ती जगवावी लागते.

मिळून शाळा उभी करणाऱ्या, इटलीतल्या रेज्जो एमिलियाजवळच्या एका खेड्याची हकिगत इथे आठवते. 1945 मध्ये युद्ध संपल्यावर तिथल्या लोकांनी जर्मन सैन्य मागे सोडून गेलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशातून लहान मुलांची शाळा बांधायला घेतली. पडक्या घरांच्या विटा काढल्या, नदीची वाळू आणली. लॉरिस मालागुत्सी नावाचा तरुण शिक्षक हे ऐकून सायकलवरून तिथे पाहायला गेला आणि पुढे त्या कामात आयुष्यभर राहिला. आज जगभरचे बालशिक्षणतज्ज्ञ तो प्रयोग अभ्यासायला तिथे जातात.

नाशिकच्या पाड्यांवरच्या शाळांना शहरातूनही मदत मिळते. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने आहेत, आणि 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक नफ्यावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायला सांगितलं आहे. रोटरी-लायन्ससारखी मंडळं आहेत, महाविद्यालयं आहेत, वाढदिवस पाड्यावर साजरा करणारी कुटुंबं आहेत. यातली बरीचशी मदत मनापासूनची असते. तरी ती देण्याआधी समितीतल्या बायांना विचारलं तर किती बरं होईल. वीजबिल थकल्याने ज्या शाळेची वीज तोडली आहे तिथे मोठा टीव्ही भिंतीवर मुका लटकत राहतो. दप्तरांचे तीन गठ्ठे एकाच वर्षी येतात आणि चपला एकही नाही. याउलट नाशिकच्या सोशल नेटवर्किंग फोरम या संस्थेने पेठ-त्र्यंबकच्या पाड्यांवर पाणी नेण्याचं काम केलं. ते कोणी शाळेचं काम म्हणून मोजणार नाही. पण उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन दरी उतरणारी मुलगी पाणी दाराशी आलं की सकाळी दहाला वर्गात बसू शकते. केंद्राच्या पोषण आहार योजनेत तिथी भोजनाची सोय आहे. कोणीही आपल्या घरच्या चांगल्या दिवशी शाळेतल्या मुलांना गोडधोड जेवू घालू शकतं. शहरातून पाड्यावर वाढदिवस न्यायचाच असेल तर तो असा न्यावा, स्वयंपाक शाळेत शिजवणाऱ्या ताईला विचारून.

या शाळांचं सगळ्यात अवघड काम दिवाळीनंतर सुरू होतं. भात कापून झालं की डोंगरात हाताला काम उरत नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबककडची माणसं दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांवर उतरतात. छाटणी, डिपिंग, विरळणी आणि मग काढणी, असं काम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतं. कुटुंबं बागायतदाराच्या मळ्यातच राहतात. मुलं मागे ठेवावीत तर सांभाळणार कोण, आणि न्यावीत तर शाळा सुटते. शासनाने यासाठी हंगामी वसतिगृहं सुरू केली. तिथे गावातच मुलांच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय होते, आणि ती चालवायला शाळा व्यवस्थापन समिती आणि मागे राहिलेली म्हातारी माणसं लागतात. जी मुलं आईबापांबरोबर जातात त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवलं की उतरतील त्या गावच्या शाळेने त्यांना बसवून घ्यायचं.

त्यामुळे जानेवारीत दिंडोरी किंवा निफाडच्या एखाद्या मळ्याजवळच्या शाळेचा वर्ग बदलतो. बागायतदाराचा मुलगा, शेजारी सुरगाण्याहून आलेली कोकणा मुलगी, मागे भिल्ल वस्तीतला पोरगा आणि पॅकहाउसमध्ये काम करणाऱ्या उत्तर प्रदेशी बापाचं हिंदी बोलणारं मूल. शिक्षकाला चार बोलींत हजेरी घ्यावी लागते. पाड्यावरच्या शाळेत त्याच वेळी निम्मे आसनपट्टे रिकामे असतात.

बागा रिकाम्या झाल्या की जीप आणि टेम्पो भरून माणसं डोंगरात परततात. तेव्हा पाड्यावरच्या शाळेतले गुरुजी आणि समितीतल्या दोघी-तिघी बाया घरोघर फिरतात. कोणाचं मूल आलं, कोणाचं कार्ड हरवलं, कोणाचं नाव तिकडच्या पटावर चढलंच नाही, हे विचारून वहीत मांडतात. ज्या घराला अजून कुलूप आहे, त्याच्या शेजारणीला निरोप ठेवून येतात.